पायाळूचं तिकीट

दिवस दिवाळीच्या आधीचा रविवार. रक्कम शंभर रुपये, त्यांतले पन्नास आमच्या आप्पांचे आणि पन्नास शंकरमामाचे. ठिकाण कागलच्या एस.टी. स्टँडसमोरचं लॉटरीचं दुकान, म्हणजे मोठ्या छत्रीखाली मांडलेलं एक टेबल. हजर तिघे: तिकीटवाला, शंकरमामा आणि मी. मी अनवाणी होतो, कारण मामाने मला चपला काढायला लावल्या होत्या. माझं वय तेव्हा बावीस, शिक्षण बी.कॉम. आणि काम एका कर सल्लागाराच्या कचेरीत लोकांचे हिशेब तपासण्याचं. दुसऱ्याच्या हिशेबात दहा रुपयांचा फरक राहिला तर मला जेवण गोड लागत नसे. असा माणूस भर रस्त्यात अनवाणी उभा राहून एक कोटी रुपये निवडत होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे माझ्या हुशारीबद्दल कुणाची पुढे निराशा व्हायला नको.

कागललाच का, तर आमच्या कर्नाटकात लॉटरी तेव्हा नुकतीच बंद झाली होती. बेळगावच्या बसस्टँडवरची तिकिटांची टेबलं एका आठवड्यात नाहीशी झाली आणि तिथे मोबाइलची कव्हरं विकायला आली. पण निपाणी सोडून पुढे नाका ओलांडला की महाराष्ट्र, आणि तिथे तिकिटं उघड मिळत. सीमेच्या ह्या बाजूला राहिल्याचं दुःख आमच्या घरात बरंच बोललं जाई, त्यात हे एक नवीन. शंकरमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, निपाणीत तंबाखूच्या वखारीत काट्यावर होता. तो घरात शिरला की त्याच्या शर्टाच्या वासाने आधी आप्पा शिंकत आणि मग आम्हाला कळे की मामा आला. त्याच्याकडे दर भेटीला श्रीमंत व्हायची एक नवी तऱ्हा असे. त्याआधीच्या वर्षी ससे होते. सशांचं काय झालं ते तो सांगत नसे.

आणि मीच का, तर मी पायाळू. पायाकडून जन्मलेलं मूल. आमच्याकडे समजूत अशी की कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबर धरली, तर पायाळू माणसाने तिथे हलकी लाथ मारावी, उसण उतरते. माझ्या पाचव्या वर्षापासून आमच्या बेळगावच्या खासबागेतल्या कमरा माझ्याकडे येत होत्या. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना माग होते आणि दिवसभर त्यांची खटखट भिंतीतून येई. ती एखाद्या बाजूची थांबली की आई म्हणे, “बघ, कुणाची तरी कंबर गेली. पाय धुऊन घे.” आणि खरोखर थोड्या वेळाने कुणीतरी भिंतीला धरत धरत दारात येई. उंबऱ्याशी ओणवं व्हायचं, मी उजव्या पायाने तीन वेळा लाथ मारायची, आणि लगेच त्याच माणसाच्या पाया पडायचं, कारण मोठ्या माणसाला पाय लागलेला. जाताना तो नारळ नाहीतर केळी ठेवून जाई. पैसे घ्यायचे नाहीत असा आईचा दंडक होता. शाळेत मला पहिल्या पाचांत नंबर मिळाला त्याचं कौतुक चारजणांना असेल, पण लाथेचं कौतुक सगळ्या गल्लीला होतं. मीही मनातून स्वतःला थोडा डॉक्टर समजत होतो. कॉमर्सला गेलो तेव्हा शेजारच्या एका काकू खरोखर हळहळल्या की एवढा हातगुण, म्हणजे पायगुण, असून पोरगा हिशेबात पडला.

मामाचं म्हणणं साधं होतं. “पायाळूच्या डोळ्यात अंजन घातलं की त्येला जमिनीतलं गुप्तधन दिसतंय, हे तरी खरं का न्हाय? मग लॉटरी म्हंजे काय? सरकारनं पुरलेलं गुप्तधनच की. फक्त जिमिनीच्या ऐवजी कागदात पुरलंय.” ह्या वाक्यात चूक काढायला मला जमलं नाही. खरं सांगायचं तर काढायची इच्छाही नव्हती.

तिकीटवाल्याला मामाने गेल्या गेल्या सांगून टाकलं. “भाच्याला बेळगावास्नं मुद्दाम आणलंय. पायाळू हाय.”

तिकीटवाल्याने माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं. “खरं?”

“खोटं बोलून मला काय मिळतंय? निम्मं खासबाग ह्याच्या लाथंवर उभं हाय.”

“मग पावणं, आधी माझं बघा की. परवा सिलिंडर उचलायला गेलतो, तवापास्नं असा वाकडा बसतोय.” आणि तो टेबलामागून बाहेर येऊन छत्रीच्या दांड्याला धरून ओणवा झाला. स्टँडवरची माणसं बघत होती. मी तीन लाथा मारल्या आणि पाया पडलो. तो हळूहळू सरळ झाला, एकदा डावीकडे वळला, एकदा उजवीकडे वळला, आणि म्हणाला, “आयला, मोकळं झालं की.” मामाने माझ्याकडे असं बघितलं की जणू कोटी रुपये आता फक्त मोजून घ्यायचे राहिले आहेत.

तिकीटवाल्याने खूश होऊन खालच्या पेटीतला न फोडलेला गठ्ठा काढला. मामा म्हणाला, तिकिटांना उजव्या पायाचा अंगठा लाव. तिकीटवाला भडकला. “लक्ष्मीला पाय? माझ्या टेबलावर असलं न्हाय चालायचं.” दोघांचा बराच वेळ वाद झाला, एका बाजूला पायाळूची शक्ती पायातच असते हा मुद्दा, दुसऱ्या बाजूला दिवाळी तोंडावर आलेली. शेवटी तडजोड अशी निघाली की मी उजवा पाय टेबलाच्या लोखंडी पायावर ठेवायचा आणि तिकीट हाताने काढायचं. त्या पोझमध्ये मी डोळे मिटून एक तिकीट ओढलं. हे सगळं आता आठवलं की मला त्या रस्त्यावर तेव्हा कॅमेऱ्याचे मोबाइल फारसे नव्हते ह्याबद्दल फार बरं वाटतं.

आता घराचं सांगतो, कारण खरं तिकीट तेच होतं. आम्ही खासबागेत दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मागे न्हाणी, धुण्याचा दगड आणि आईने लावलेला कढीपत्ता. पुढच्या भागात घरमालक गुरप्पाण्णा एकटे राहत. बायको गेलेली, मुलगा हुबळीला. गुरप्पाण्णांची कंबर म्हणजे माझं मुख्य गिऱ्हाईक. पावसाळ्यात महिन्याला दोनदा तरी ते आमच्या उंबऱ्याशी ओणवे होत. आमचं भाडं आजूबाजूपेक्षा कमी होतं, आणि ते माझ्या पायामुळे, हे कुणी बोलून दाखवत नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षी त्यांनी हुबळीला मुलाकडे जायचं ठरवलं आणि अख्खं घर विकायला काढलं. पहिला मान आम्हाला दिला. किंमत सहा लाख, इसारा पन्नास हजार, तो दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर रोख द्यायचा. पाडवा चुकला तर शेजारचे मागवाले तयारच होते. त्यांना मधली भिंत पाडून आमच्या स्वयंपाकघरात चार माग टाकायचे होते.

आप्पा एका खाजगी शाळेत हेडक्लार्क होते. त्यांनी पोस्टात साठ हजार साठवले होते, बाकीसाठी शाळेच्या सोसायटीचं कर्ज निघत होतं. हप्ता ओढाताणीचा, पण बसत होता. मी स्वतः तो दोनदा तपासला होता. आईने भाड्याच्या त्या घरात वीस वर्षं काढली होती. खिळा मारायचा तरी मालकाला विचारून. तिला दुसरं कुठलं घर नको होतं. आक्का, माझी मोठी बहीण, सव्वीस वर्षांची, बालवाडीत शिकवायची आणि रात्री स्वयंपाकघरात चुलीशेजारी अंथरूण टाकायची. तिने घराबद्दल एकच वाक्य म्हटलं होतं, “पुढची एक खोली मला. आतनं कडी लागणारी.”

सगळं ठरलेलं होतं. मग तिकीट आलं.

सोडत भाऊबीजेनंतर होती, म्हणजे पाडव्याच्या पुढे. रात्री जेवताना मी विषय काढला. ताटात भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगांची चटणी होती, आणि मामा मुक्कामाला असल्याने आईने चटणीवर तेल जरा जास्त ओतलं होतं. मी म्हणालो, समजा पहिलं बक्षीस लागलं. एक कोटी. निम्मे मामाचे, निम्मे आपले, पन्नास लाख. त्यावर कर तीस टक्के, वरचा सेस वेगळा, म्हणजे हातात चौतीस-पस्तीस लाख धरू. ते साडेआठ टक्क्यांनी ठेवले तर महिन्याचं व्याज पंचवीस हजाराला थोडं कमी. आप्पांचा पगार तेव्हा अकरा हजार होता. “म्हणजे आप्पा,” मी म्हणालो, “तुम्ही काही न करता सध्याच्या दुप्पट मिळवाल.”

आप्पांनी घास हातात धरून ठेवला. “आणि कर कापूनच देतात का?”

“कापूनच.”

“हां. म्हणजे नंतर भानगड नाही.” त्यांना बक्षीस लागेल का हा प्रश्न पडला नव्हता, कर नीट भरला जाईल का हा पडला होता. आम्ही बापलेक एकाच मातीचे. मग मी मुद्द्यावर आलो. आता इसारा दिला आणि चार दिवसांनी बक्षीस लागलं, तर आपण ह्या मागांच्या खटखटीत कशाला राहू? टिळकवाडीत बंगला बघू. मग हे पन्नास हजार बुडाले. उलट चार दिवस थांबलो तर काय बिघडतं? गुरप्पाण्णा काय लगेच हुबळीला पळतायत?

“आणि न्हाय लागली तर?” आईने तव्यावरची नजर न काढता विचारलं.

“तर इसारा देऊ. फक्त चार दिवस उशिरा.”

“अन् तवर मागवाल्यांनी दिला तर?”

ह्याला माझ्याकडे आकडा नव्हता, म्हणून मी म्हणालो की ती शक्यता कमी आहे. बक्षीस लागण्याची शक्यता किती हे मात्र मी काढलं नव्हतं. बी.कॉम.ला सांख्यिकी होती, आणि त्यात मला चांगले मार्क होते. पण ते गणित इतरांच्या तिकिटांसाठी. माझं तिकीट पायाळूचं होतं. आजही कुणी मला विचारलं की शिकलेली माणसं असं कसं वागतात, तर मी विषय बदलतो. माझा मुलगा मोबाइलवर क्रिकेटचे संघ लावतो आणि कोण किती धावा करील ह्याचा तक्ता मला दाखवतो. तक्ता अगदी व्यवस्थित असतो. मी त्याला काही बोललो तर त्याची आत्या सगळं सांगून टाकेल अशी भीती वाटते.

पुढचे दिवस फार मजेत गेले. श्रीमंतीचा सगळा आनंद आम्ही त्या दिवसांत उपभोगून घेतला, आणि खर्च शंभर रुपये. आई चकल्या तळत असे, घरभर तेलाचा धूर, भिंतीपलीकडे मागांची खटखट, आणि आम्ही तिघे पुरुष बाहेरच्या खोलीत बंगला बांधत असू. आप्पांचे गुडघे दुखत, म्हणून त्यांना उंच बैठकीचा संडास हवा होता. ते हळू आवाजात म्हणाले, “दोन असले तरी चालतील.” मामा हायवेवर पेट्रोल पंप टाकणार होता. पंपावर पाणी, हवा सगळं फुकट, आणि गल्ल्यावर स्वतः. मी त्याला पंपाला किती भांडवल लागतं ते सांगितलं, तर तो म्हणाला, “बाळू, तू आकडं सांगू नगंस रं. तुझा पाय तेवढा सांभाळ.” आणि खरंच मला त्या आठवड्यात कुणी सायकल चालवू दिली नाही.

आक्का चकलीची परात घेऊन येई आणि बघून जाई. “संडासाला दार कुठल्या बाजूला ठरलं, आप्पा?” असं एकदा विचारलं. एकदा मामाला म्हणाली, “पंपावर मला कामाला घेशील व्हय? बालवाडीत पंधराशे मिळत्यात. तू सोळाशे दे.” मामा हसला. मीही हसलो. तिच्या खोलीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही, कारण बंगल्यात खोल्या कितीही होत्या. पोस्टातून पैसे काढून आणायचे राहिले ते राहिलेच. लक्ष्मीपूजनाला तिकीट आईने पूजेत ठेवू दिलं नाही. “देवाला कोड्यात पाडू नका,” एवढंच म्हणाली.

पाडव्याला संध्याकाळी गुरप्पाण्णा आले. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, हातात काठी. कंबर धरलेली दिसत होती. आईने फराळाची बशी पुढे ठेवली. चिवडा, चकली, बेळगावी कुंदा. आप्पा, मामा आणि मी ओळीने बसलो होतो. गुरप्पाण्णांनी कुंदा खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “मग, क्लार्कसाहेब? मुहूर्त सातपर्यंतच हाय. शेजारचे पैसे घेऊन बसल्यात. मी म्हटलं, आधी आमच्या पायाळूचं घर.”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी पाठ करून घेतलेलं वाक्य त्यांनी सुरू केलं. “अण्णा, त्याचं असं आहे, आणखी चार दिवस जर—”

“चार दिवस कशाला?”

आप्पा खरं बोलणारे होते. खोटं कारण त्यांना सुचलं नाही. त्यांनी तिकिटाचं सगळं सांगितलं. मामाने मधे मधे कागलच्या तिकीटवाल्याची कंबर कशी मोकळी झाली ते भरीला घातलं. मला वाटलं होतं गुरप्पाण्णा हसतील. पण ते गंभीरपणे मान हलवायला लागले. माझ्या पायावर त्यांची श्रद्धा होतीच. “हौदु, हौदु. खरं हाय. पायाळूनं काढलंय म्हंजे... लागंल बी. मग तुम्ही कशाला ह्या घरात ऱ्हाताय? मी शेजारच्यांना हो म्हणून टाकतो.” आणि ते काठी टेकून उठायला लागले. मी केलेल्या हिशेबात एवढा एकच माणूस धरायचा राहिला होता: माझ्यावर माझ्याइतकाच विश्वास ठेवणारा.

तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला पीठ होतं.

“अण्णा, बसा. बाळू पायाळू न्हाय.”

मागांना सणाची सुट्टी होती. ऐकण्यात कुणाची चूक व्हायला वाव नव्हता.

“बाळू दवाखान्यात झाला, सरळ डोक्याकडनं. पायाळू आक्का हाय. ती निपाणीला झाली, सुईणीच्या हातनं.” आई आप्पांकडे न बघता गुरप्पाण्णांशी बोलत होती. “तुमची कंबर धरली तवा तुमची बायको विचारत आल्ती, कोण पायाळू हाय काय. माझ्या तोंडातनं आमच्यात हाय असं गेलं. मग वाटलं, पोरीच्या जातीनं परक्या पुरुषाला लाथ मारायची? उद्या स्थळं यायची तवा लोक तेवढंच सांगत बसतील. बाळू तिथंच खेळत होता. म्हटलं, हा.”

“ताई!” मामा ओरडला. “मला न्हाय सांगायचं? मी खोट्या पायानं तिकीट काढलं की!”

“ती झाली तवा तू लहान होतास, अन् आता तू कवा विचारलंस? सरळ उचलून घेऊन गेलास.”

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा चकलीकडे बघत होते. त्यांना माहीत होतं. सतरा वर्षं माहीत होतं, आणि तरी त्यांनी दोन संडासांचा बंगला बांधला होता. मला माझा राग यायच्या आधी त्यांची कीव आली, आणि मग लक्षात आलं की कीव करण्याजोगं त्या खोलीत आणखी एक माणूस आहे, आणि तो मी आहे. एवढ्या वर्षांचा माझा दवाखाना, गल्लीतला मान, कागलची लाथ, सगळं एका वाक्यात उतरलं. आक्का आईच्या मागे उभी होती. तिच्या तोंडावर आश्चर्य मुळीच नव्हतं.

“तुला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“बारा वर्षांची असल्यापास्नं. मला काय हौस हाय लोकांच्या कमरा तुडवायची? पण नारळ मातर सगळे तू खाल्लेस.”

गुरप्पाण्णा आधी माझ्या पायांकडे आणि मग आक्काच्या पायांकडे बघत होते. आईचा चेहरा उतरला. तिला तेव्हा काय वाटलं ते तिने नंतर सांगितलं. घर वाचवायला ती खरं बोलली, आणि बोलून झाल्यावर तिला कळलं की ज्या पायामुळे घराचा पहिला मान आम्हाला होता, तो पायच तिने काढून घेतला होता. फसवलं म्हणून त्यांनी उठून शेजारी जायला काही हरकत नव्हती.

“म्हंजे,” गुरप्पाण्णा शेवटी म्हणाले, “एवढी वर्षं ह्या तम्माच्या लाथा मी फुकटच खाल्ल्या?”

“बरं वाटत होतं न्हवं तुम्हाला?” आई म्हणाली.

“वाटत होतं... पर पूर्ण न्हाय. थोडं राहायचं.” त्यांनी काठी भिंतीला लावली. “तंगी, तू इकडं ये.” कन्नडात तम्मा म्हणजे धाकटा भाऊ आणि तंगी म्हणजे धाकटी बहीण.

आक्काने आईकडे बघितलं. आई म्हणाली, “तुझी मर्जी.” आक्काने पाय धुतले, पदर खोचला. गुरप्पाण्णा उंबऱ्याशी ओणवे झाले. दार उघडं होतं आणि सणाची माणसं गल्लीतून येत-जात होती. आईने इतकी वर्षं जे झाकलं ते आता अख्ख्या गल्लीसमोर होणार होतं. मी हलक्या लाथा मारायचो. आक्काला कुणी शिकवलं नव्हतं. पहिली लाथ अशी बसली की गुरप्पाण्णांनी चौकट धरली. दुसरी, तिसरी. “अय्यो शिवा,” ते म्हणाले आणि हळूच सरळ झाले. आक्का पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“ही खरी,” ते म्हणाले. मला एवढं कशानेच लागलं नव्हतं.

“इसारा काढा, क्लार्कसाहेब.”

आप्पांनी सांगितलं की पैसे पोस्टात आहेत. पोस्ट बंद. का काढले नाहीत हे त्यांनी सांगितलं नाही, सगळे माझ्याकडे बघत होते तेवढं पुरलं. गुरप्पाण्णांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, मुहूर्त साधायचा तर आज अकरा रुपये आणि सुपारी द्या, बाकीचे पोस्ट उघडल्यावर. शेजारच्यांना मी सांगतो. आईने डब्यातून दहाची नोट आणि एक रुपया काढला. आप्पांच्या खिशात पाकीट होतं, पण तिने वाट बघितली नाही. सात वाजायला थोडा वेळ होता. मामा कोपऱ्यात बसून चिवडा खात पुटपुटत होता, “आत्ता निघालो तर आक्काला घेऊन कागल गाठता येईल, टेबल नवापर्यंत असतंय.” आक्का म्हणाली, “आता तुझ्या कमरंत मारू काय?” तेव्हा त्याने चिवड्याची बशी घेऊन जागा बदलली.

सोडत झाली. आमच्या तिकिटाचा शेवटचा एक अंक जुळला. बक्षीस दोनशे रुपये. ते घ्यायला मी आणि मामा पुन्हा कागलला गेलो. तिकीटवाला ताठ बसला होता, आम्हाला बघून हसला. त्याने नोटा मोजून दिल्या आणि म्हणाला, “पावणं, त्या दिवसापास्नं एकदा बी दुखलं न्हाय.” मामा मला ढकलत होता, चल म्हणून. पण मला ते पैसे खिशात घालवेनात. मी सांगून टाकलं की मी पायाळू नाही, ती माझी बहीण, घरात चूक झाली होती. तिकीटवाल्याचा चेहरा पडला. त्याचा हात आपोआप कमरेकडे गेला. “हे आत्ता सांगायचं व्हय? बरा हिंडत होतो की मी.” आम्ही बसमध्ये चढलो तेव्हा तो वाकडा होऊन उभा होता आणि आमच्याकडे बघत होता.

पोस्ट उघडलं त्याच दिवशी आप्पांनी गुरप्पाण्णांना एकोणपन्नास हजार नऊशे एकोणनव्वद रुपये दिले. अकरा वजा करायला मीच सांगितलं. गुरप्पाण्णा हसले, पण मोजून घेतले. बाकीची रक्कम सोसायटीच्या कर्जातून त्यांना खरेदीच्या दिवशी मिळाली. दोनशे रुपयांचं काय करायचं ह्यावर घरात बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी ते आक्काला दिले. शंभर आमच्या हिश्श्याचे, मी खाल्लेल्या नारळांपोटी. शंभर मामाचे, पुढच्या दिवाळीचं तिकीट तिने निवडावं म्हणून आगाऊ. तिने दोन्ही नोटा घेतल्या, आणि कागलला ती अजून गेलेली नाही.